ऑनर्सची एकच जागा

६ मे १९६९. दुपारची जेवणं आटोपून मी मागीलदारी कोकमाचे रतांबे फोडायला बसले होते. दोन टोपल्या आदल्या दिवशीच उतरवल्या होत्या, आणखी ठेवल्या असत्या तर निम्मे कुजले असते. रतांबा दोन्ही तळव्यांत दाबून फोडायचा, रस आणि बिया एका भांड्यात, सालं दुसऱ्या भांड्यात. मग सालांना मीठ लावून तोच रस पाजायचा, उन्हात घालायची, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, काळी होईपर्यंत. माझी आमसुलं गावात चांगली म्हणतात. मी कामाला चांगली आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण जिच्याविषयी लिहिते आहे ती कुठल्याही कामाला धड नव्हती आणि तरी कायम माझ्या पुढे राहिली.

ती मनू. शाळेतलं नाव मनोरमा. त्या दुपारी ती कुंपणाच्या कवाडातून वाकून आली, मी पुढे सरकवलेला पाट बाजूला करून जमिनीवरच बसली आणि न विचारता रतांबे फोडायला लागली. थोड्याच वेळात रसात सालं आणि सालांत बिया दिसायला लागल्या.

"मने, तू फोडू नको गो. नुसती बस," मी म्हटलं.

"नुसती बसान काय करू?" ती म्हणाली, आणि आणखी एक साल रसात टाकलं.

मनू मुंबईच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. दर मे महिन्यात मामाकडे येते. मामाचं घर आमच्या माहेरच्या घराला लागून, आणि मी लग्नानंतरही त्याच वाडीत राहिले, म्हणून तिचं येणं मला चुकवता येत नाही.

तिचे वडील बोटीवर खलाशी होते. ते गेले आणि आई तीन वर्षांच्या मनूला घेऊन माहेरी आली. मामांना सगळी वाडी आबामामा म्हणते. त्यांचा धंदा काथ्याचा. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजवायची, बडवून काथ्या काढायचा आणि त्याचं सुंभ वळायचं. वळायला घरातली सगळी माणसं लागत. मनू ओटीवर बसून मांडीवर सुंभ वळायची आणि समोर जमिनीवर पुस्तक. वाऱ्यानं पान उडू नये म्हणून ते पायाच्या अंगठ्यानं दाबलेलं. माझ्या आईला ते बघवत नसे.

"पुस्तकाक पाय लावतंस गो?"

"हात मोकळे नाय, काकी. सरस्वतीक दिसता तां."

तिचं सुंभ कधीच एकसारखं होत नसे. वाचण्यात रंगली की हात मंदावत आणि सुंभ जाड होई. कंटाळवाणा मजकूर आला की बारीक आणि घट्ट. आबामामा भेंडोळं उलगडून बोटांत धरत आणि विचारत, "हय काय वाचत होतंस गो? हय खांब झालोहा." मनू थोडा विचार करून सांगे, "हय पानिपत." मामा हसत. भेंडोळ्यातलं तेवढं कापून बाजूला ठेवत, घरच्या गुरांना बांधायला. माझ्या घरी माझ्याकडून एखादी वाटी विसळायची राहिली तर दिवसभर ऐकून घ्यावं लागे. मामा तिला रागावत का नाहीत, हा माझ्या लहानपणातला मोठा प्रश्न होता.

मी अभ्यास करायची तो वेळापत्रक लावून. सकाळी गणित, संध्याकाळी भाषा, जेवणानंतर पाठांतर. माझे वडील कोर्टात कारकून होते, त्यांनीच ते आखून भिंतीवर चिकटवलं होतं. वर्गात पहिला नंबर बहुतेक वेळा माझा येई. बहुतेक वेळा, कारण मनू पेपर पुरा करत नसे. एका प्रश्नात शिरली की त्यातच राही आणि शेवटचे दोन तसेच सोडून येई. मास्तर तिचा अर्धा पेपर वर्गात वाचून दाखवत. माझा पुरा पेपर कधी कोणी वाचून दाखवला नाही.

आणि ती मला माझे मार्क कधी विचारत नसे. मीच सांगायची. "बरां झाला गो, लिले," ती म्हणे, आणि तिला खरंच बरं वाटलेलं दिसे. तिला माझ्याहून जास्त पडले की माझ्या पोटात दुखे. मला जास्त पडले की तिला काही होत नसे. तिला थोडं जरी दुखलं असतं तरी आमची मैत्री सोपी झाली असती.

तिचं एक पालुपद होतं, "माका म्हायत नाय." मास्तरांनी प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसलं तर आम्ही सगळ्या खाली बघायचो, पायानं जमीन उकरायचो. मनू उभी राहून सरळ सांगायची, "माका म्हायत नाय," आणि एवढ्यावर थांबत नसे. "तुमी सांगा," म्हणून मास्तरांकडे अशी बघत राही की जणू ताटात काही वाढलं जाणार आहे. मास्तरांची मग पंचाईत. एकदा एका मास्तरांनाही येईना. त्यांनी आम्हाला पाढे म्हणायला लावले.

तिच्या वाचण्याची आणखी एक गोष्ट सांगते. आम्ही आंगणेवाडीच्या जत्रेला गेलो होतो, दोन्ही घरची माणसं मिळून. मसुऱ्याच्या वाटेवर माणसांची रीघ, दर्शनाची रांग शेतातून वळत गेलेली. दर्शन झाल्यावर आबामामांनी आम्हा मुलींना खाजा घेऊन दिला. आलं घातलेला, गुळात घोळलेला, वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेला. आम्ही खाजा खाल्ला. मनूनं स्वतःचा पुडा उलटा करून माझ्या ओढणीत ओतला आणि कागद वाचायला लागली. कुठल्यातरी खटल्याची बातमी होती आणि निकालाच्या आधीच कागद फाटला होता. मनू गायब. शोधाशोध झाली, तिची आई रडकुंडीला आली. शेवटी सापडली ती खाजेवाल्याच्या दुकानामागे, रद्दीच्या गठ्ठ्यावर बसलेली. खाजेवालाच तिला एकेक कागद काढून देत होता.

"कायतरी निकाल लागूक होयो होतो म्हणता," तो मामांना म्हणाला. "म्हटलां शोध बाये."

"गावलो?" मामांनी मनूला विचारलं.

"सुटलो तो," मनू म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की आईचा उगारलेला हात खाली आला. त्या जत्रेत माझी नवी ओढणी कोणाच्या नजरेला आली नाही.

एस.एस.सी. झालो तेव्हा आम्ही सतरा वर्षांच्या. दोघींनाही चांगले मार्क पडले. माझे थोडे जास्त. मुंबईला आमच्या भागातल्या चाकरमान्यांचं एक मंडळ होतं. त्यांनी ठरवलं की पंचक्रोशीतल्या दर गावातून एका मुलाला किंवा मुलीला कॉलेजच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यायची, राहण्याजेवणाच्या खर्चासकट. अट दोनच: मार्क चांगले हवेत, आणि नाव गावानं पाठवायला हवं, एका गावातून एकच. आमच्या गावात दोन नावं झाली.

मुंबईला एखाद्या कारखान्यात किंवा ऑफिसात हा प्रश्न आला असता तर मार्क बघून सुटला असता आणि मी जिंकले असते, रीतसर. पण गावाचा निर्णय म्हणजे देवळात. देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघायचं. त्याला कौल म्हणतात. भांडण, लग्न, विहिरीची जागा, सगळ्याला कौल. कॉलेजला तरी वेगळं काय. माझे वडील मानकऱ्यांपैकी एक होते. त्यांना वाटलं, माणसांनी ठरवलं तर दोन घरांत वाकडं येईल, देवानं ठरवलेलं बरं. आबामामांनाही तेच पटलं.

सकाळी सगळे जमले. आम्ही दोघी सभामंडपाच्या खांबाशी उभ्या. मनू गुरवाच्या पोराला विचारत होती की पाकळी कोरडी असली तर लवकर पडते की ओली असली तर. मी हात जोडून देवाकडे बघत होते.

बाळा गुरवानं दोन पाकळ्या निवडून हातात घेतल्या आणि थांबला.

"आबा," तो मामांना म्हणाला, "ह्या चेडवाचा कूळ खंयचा?"

"बापाशीचा खाडयेपलीकडचा. पण तीन वर्सांची असल्यापासून हयसर आसा."

"तां खरां. पण भाची ती भाची. पावणी. पावणेच्या नावान हयसर कौल कसो लावू? देव इचारतलो, ही कोण?"

मंडपात कुजबुज झाली. कोणी म्हणालं, खरं आहे. कोणी म्हणालं, चौदा वर्षं राहिलेली पाहुणी कसली. गुरव मान हलवत राहिला. "हुशार आसा, मी खंय नाय म्हणतंय? पण तिचा नाव तिच्या गावान धाडूक होया."

माझे वडील काही बोलले नाहीत. बोलायची गरजच पडली नाही. एक पाकळी गुरवानं खाली ठेवून दिली आणि एकच देवाला लावली. विचारलं काय, तर ह्या मुलीला पाठवायचं की नाही. पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे होकार. "व्हय म्हाराजा" झालं. माझं नाव मुंबईला गेलं.

मनू दुसऱ्या दिवशी होडीनं खाडी ओलांडून वडिलांच्या गावी गेली आणि संध्याकाळी परत आली. आमच्या ओटीवर बसून तिनं तिथल्या चुलतकाकांची नक्कल केली. हनुवटी वर, डोळे अर्धवट मिटलेले. "तू थयली गो. थयलो देव तुका वळखता. आमी तुका बघूक पण नाय. आनी आमी आमचो झील आदीच धाडलो." घरातली सगळी हसली, माझे वडीलसुद्धा.

"मगे आता?" माझ्या आईनं विचारलं.

"आता काय, काकी. हयल्या देवाक मी पावणी, थयल्या देवाक माजो पत्तो गावाक नाय."

तीही हसत होती. मी ट्रंकेत कपडे भरत होते. मला मिळालं होतं आणि खोलीतली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. माझ्या मनात एकच होतं, की दुसरी पाकळी लावली असती तर ती पडली असती का. लागलीच नाही, म्हणून कधी कळणार नाही. मी तिला हरवलं, असं मला म्हणताच येत नव्हतं.

मुंबईला परळला वडिलांच्या चुलतभावाकडे राहून मी कॉलेजचं पहिलं वर्ष केलं. तिथे लक्षात आलं की मंडळाची शिष्यवृत्ती ही गावाकडची गोष्ट. कॉलेजात तिला किंमत नव्हती. कॉलेजात किंमत होती ती ऑनर्सच्या वर्गाला. निवडक मुलं, वेगळे तास, लायब्ररीत वेगळं टेबल. इतिहासाच्या ऑनर्सला कॉलेज गुणवत्तेवर एक शिष्यवृत्ती देई. अर्ज करायचा, मार्क दाखवायचे आणि मुलाखत द्यायची. पहिलं वर्ष झालेली मुलंही अर्ज करू शकत आणि नवी येणारीसुद्धा. मी अर्ज केला. मंडळानं माझी सोय केलेलीच होती, सोयीसाठी मला हे नको होतं. मला ते नाव हवं होतं, आणि ते या वेळी पाकळीनं नव्हे, मी मिळवलेलं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मनूच्या आईनं विचारलं, "मनूक जमात काय गो असा काय?" मी सगळं सांगितलं. न सांगून चाललं नसतं. मनूनं ते प्रॉस्पेक्टस माझ्या ट्रंकेवरून उचलून आधीच वाचलं होतं. ती त्या वर्षभर गावच्या प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिनं अर्ज केला.

मुलाखत जूनच्या मध्यावर होती. पण पावसाआधीची शेवटची बोट मे अखेर सुटते, मग समुद्र बंद. म्हणून मनू माझ्याबरोबरच त्या बोटीनं आली आणि मुलाखतीपर्यंत परळच्या आमच्या खोलीत राहिली, माझ्याच चटईवर. परळच्या काकूसाठी तिनं सुंभाची दोन भेंडोळी आणली होती. काकूला मुंबईत सुंभाचं काय करायचं कळेना, पण मनूवर ती पहिल्या दिवसापासून खूश.

ते दिवस माझ्या चांगले लक्षात आहेत. मी मुलाखतीची उत्तरं पाठ करत होते. मनू माझी पहिल्या वर्षाची पुस्तकं वाचत होती, आणि वाचताना तिची बोटं मांडीवर नसलेला काथ्या वळत होती. मधेच विचारायची, "लिले, ह्यो राजा हरलो तां कळला. पण त्याचे शिपाई मगे खंय गेले? घराक?"

"तां परीक्षेक येणा नाय."

"येणा नाय, पण गेले खंय?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "माका वाचूक दी."

मुलाखतीच्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यात एका बाकावर आम्ही दोघी आणि आणखी काही मुलं. माझा नंबर आधी आला. आत तीन प्राध्यापक होते. ऑनर्स का करायचं, आवडता कालखंड कोणता, पुढे काय करणार. मी सगळ्याची उत्तरं दिली, अडखळले नाही. मधले प्राध्यापक म्हणाले, "छान तयारी आहे." मी बाहेर आले तेव्हा बाकावर मी ठेवलेला रुमाल घामानं अजून ओलाच होता, इतकं लवकर.

मग मनू आत गेली.

थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. मग दोघा प्राध्यापकांचे आवाज, वाद घातल्यासारखे, आणि पुन्हा हसणं. बाकावरची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग शिपाई तबक घेऊन आला आणि कोपरानं दार ढकलून आत गेला. तबकात चार कप होते. तीन प्राध्यापक आणि चौथा कप. माझ्या वेळी चहा गेला नव्हता.

ती बाहेर आली ती पदरानं तोंड पुसत.

"काय विचारल्यांनी?" मी म्हटलं.

"इचारल्यांनी, तुमच्या गावचो इतिहास सांगा. मी इचारलंय, खंयच्या गावचो सांगू? माजी दोन गावां, दोनय माका घेणत नाय. मगे कौलाचा सांगलंय."

"कसलां कौलाचा?"

"सगळा. गुरव, पाकळी, चुलतकाको. ते एकदम हसले. एकटो म्हणालो ही जुनी रीत, गावाचो माणूस कोण हां ठरवूची. दुसरो म्हणालो तसा नाय. दोघे झगडूक लागले. माका इचारल्यांनी तुजा काय मत. मी सांगलंय, माका म्हायत नाय, तुमी दोघांनी सांगा. चाय बरी होती."

मग तिनंच पुढे सांगितलं, तितक्याच सहज. "मधल्यान इचारल्यान, मगे ज्या चेडवाची पाकळी पडली तिचा काय झाला? मी म्हटलंय, तां भायर बाकड्यावर बसलाहा."

तेव्हाही ते हसले होते. तो हसण्याचा आवाज मी बाकावर बसून ऐकला होता. माझ्याच बाबतीत आहे हे मला माहीत नव्हतं, एवढंच.

सगळ्यांच्या मुलाखती झाल्यावर मधले प्राध्यापक स्वतः दारात आले आणि म्हणाले, "मनोरमा, तुम्ही थांबा. बाकीचे गेलात तरी चालेल." बाकीची मुलं गेली. मनूला परळचा रस्ता माहीत नव्हता, म्हणून मी थांबले.

ऑनर्सची एकच जागा होती. तिला मिळाली. मी साधं बी.ए. केलं, बी.टी. केलं, गावी परत आले आणि हायस्कूलला लागले. गेली काही वर्षं मी तिथे मुख्याध्यापिका आहे. शाळेला नवं छप्पर, मुलींसाठी वेगळा संडास आणि पिण्याच्या पाण्याची टाकी मी आणली. दोन मुलगे, नवरा बँकेत, विहिरीला बारा महिने पाणी. मनूनं लग्न केलं नाही. तिच्याकडे दोन ट्रंका पुस्तकं आणि वर्षाला दोन सुती पातळं. मी हे दोन्ही बाजूंना मांडून पुष्कळदा बघितलं आहे. माझी बाजू दर वेळी भरते आणि दर वेळी मला वाटतं की कुठेतरी मोजायचं राहिलं.

ती प्राध्यापक झाली त्या वर्षी गावानं देवळात तिचा सत्कार ठेवला. बाळा गुरव आता म्हातारा झालेला, त्यानंच नारळ दिला आणि गाऱ्हाणं घातलं, "ह्या आमच्या गावचा चेडू." माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. स्वागताचं भाषण मुख्याध्यापिका म्हणून मी केलं. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. मनू उठली आणि म्हणाली, "माका बोलूक येणा नाय," आणि मग तिनं गुरवालाच विचारलं की ही कौलाची रीत त्याच्या आजोबांच्या वेळी अशीच होती का. म्हातारा बोलायला लागला. माणसं जेवायची विसरून ऐकत बसली. माझं भाषण कोणाच्या लक्षात राहिलं असेल असं वाटत नाही.

तर त्या दुपारी ती रतांबे फोडत बसली होती. संध्याकाळी मालवणहून सुटणाऱ्या बोटीनं परत जायची होती. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, मामांचा दमा, तिच्या आईचे डोळे. मग म्हणाली,

"लिले, ऑनर्सच्या शिष्यवृत्तीचे अर्ज आता माज्याकडे येतत. कोल्हापूरचे येतत, रत्नागिरीचे येतत. परवा फोंडाघाटाच्या एका चेडवाचो इलो. तुज्या शाळेतसून एकय येणा नाय. कित्या गो?"

"मुलींची लग्नां ठरतत."

"सगळ्यांची?"

"घरात दुसरी बारकी भावंडां असतत. मुंबयत ठेवची खंय?"

"आपणाक ठेवल्यांनीच मा?"

मी पुढचा रतांबा फोडला. ती टक लावून बघत नव्हती. बघितलं असतं तर मला रागावता आलं असतं. ती एका रतांब्यातून बी काढायचा प्रयत्न करत होती.

"यंदा कोण हुशार आसा?" तिनं विचारलं.

"तशी कोण नाय."

"खरां सांग."

"आसा एक. सुनंदा. रापणवाल्या यशवंताचा चेडू. अकरावीची परीक्षा दिल्यानहा. पण तोंडाळ आसा. वर्गात उलट प्रश्न इचारता. मागच्या वर्षी इन्स्पेक्टराक इचारल्यान."

"काय इचारल्यान?"

"काय का असाना."

मनू हसली. "बरां," म्हणाली. "जूनच्या पयल्या आठवड्यापर्यंत अर्ज घेतत." एवढंच. सुनंदाला पाठव म्हणाली नाही, पुन्हा विषय काढला नाही. हात धुतले, तेही अर्धवट, आणि पदराला लाल डाग पाडून उठली. ती गेल्यावर मी तिनं फोडलेले सगळे रतांबे पुन्हा निवडले.

संध्याकाळी मी तिला खाडीवरच्या होडीच्या तरीपर्यंत पोचवायला गेले. भरती लागत होती. ती पिशवी घेऊन होडीत चढली आणि बसायच्या आधीच होडीवाल्याशी बोलायला लागली. पलीकडच्या काठावरच्या एका जुन्या धक्क्याकडे हात करून काहीतरी विचारत होती. होडीवाल्यानं वल्हं वर उचललं ते तसंच धरलं आणि सांगायला लागला. होडी हळूहळू आडवी होऊन पाण्याबरोबर आत वाहायला लागली, मालवणच्या उलट दिशेला. होडीतल्या बाकीच्या माणसांनीही तिच्याकडे तोंडं वळवली होती. बोट चुकेल, म्हणून मी काठावरून हाक मारली. तिला ऐकू गेली नसावी. ती वळून बघेल म्हणून मी जरा वेळ उभी राहिले. तिनं बघितलं नाही. शेवटी होडीवाल्याला आठवण झाली आणि त्यानं वल्हं मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रापणीच्या वेळी किनाऱ्यावर गेले. यशवंता आणि बाकीची माणसं जाळ्याचा दोर ओढत होती, पाय वाळूत रुतवून. मला बघून त्यानं दोर सोडला नाही, फक्त मान वर केली.

"बाई, आज हय कशी?"

"सुनंदा कुठे आहे?"

"थय, पाट्यो घेवन. काय केल्यान आता?"

"काही केलं नाही. तिला मुंबईच्या कॉलेजला अर्ज करायचाय. तू हो म्हण."

"अर्ज कसलो?"

"शिष्यवृत्तीचा. ऑनर्सचा. नंतर सांगते, तू दोर ओढ."

सुनंदा टोपल्या खाली ठेवून आली. हात ओले, परकर खोचलेला. मी तिला काय ते सांगितलं: कोणत्या विषयाला, कोणते कागद लागतील, मुलाखत होईल, तिथे काय विचारतील. ती मधे मधे प्रश्न विचारत होती, तेही माझं वाक्य संपायच्या आत. मुलगी हुशार आहे. मला ती कधीच फारशी आवडली नाही, त्या सकाळीही आवडली नाही.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही केला होतात अर्ज?"

"केला होता."

"मिळाली?"

बापानं दोर ओढता ओढता आमच्याकडे बघितलं. बाकीची माणसंही ऐकत होती.

"नाही," मी म्हटलं. "दुपारी शाळेत ये. येताना हात कोरडे करून ये."